ओटीचं उद्घाटन झालं, पण भूल कोण देणार?

कापसाची पहिली-दुसरी वेचणी घरात आली, थंडी पडायला लागली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ऑपरेशनांचा हंगाम सुरू होतो. हर्निया, हायड्रोसील, पिशवी, मूळव्याध, कुटुंब नियोजन. पावसाळ्यात शेतातून सवड नाही, उन्हाळ्यात टाके पिकतात असा समज, म्हणून ‘थंडीत करून घेऊ’ हा गावोगावचा हिशोब. तालुक्याच्या चौकात शिबिरांचे बॅनर लागतात. बॅनरवर सर्जनचं नाव असतं, पुढाऱ्यांचे फोटो असतात (ते जरा मोठेच असतात), मोफत चष्मा, मोफत जेवण सगळं लिहिलेलं असतं. एक नाव मात्र कुठेच नसतं. भूल कोण देणार?

पेशंटही हे विचारत नाही. ‘ऑपरेशन कोण करणार’ हे चार जणांना विचारून घेतो, त्या डॉक्टरचा हात कसा आहे याची चौकशी पाव्हण्यांपर्यंत जाते. भूल देणारा कोण, कधी येणार, ऑपरेशन संपल्यावर किती वेळ थांबणार, याची चौकशी कुणी करत नाही. सरकारी कागदावर या खात्याला ‘बधिरीकरणशास्त्र’ म्हणतात. शब्द इतका जड आहे की तो वाचूनच अर्धा माणूस बधिर व्हावा. पण तालुक्याच्या पातळीवर ऑपरेशन सुरक्षित होणार की नाही, हे बहुतेक वेळा याच माणसावर ठरतं. आणि आपल्याकडे तोच कमी आहे.

भूलतज्ज्ञाचं काम म्हणजे सुई टोचणं, असा सर्वसाधारण समज. सुई हा त्या कामाचा सगळ्यात छोटा भाग. सर्जनची नजर जखमेवर असते. त्या वेळी पेशंटचा श्वास, रक्तदाब, नाडी, अंगातलं पाणी, वाहून गेलेलं रक्त हे सगळं सांभाळणारा दुसरा माणूस डोक्याशी बसलेला असतो. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला की रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. हे काही मिनिटांत होतं. बघणारा समोर असेल तर सलाईन आणि एक इंजेक्शन, विषय संपला. समोर कुणी नसेल तर तेच संकट होतं. औषध तेच, सुई तीच, दवाखानाही तोच. फरक फक्त बघणारा माणूस असण्याचा.

हे आज कळलेलं नाही. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये ईथर देऊन वेदनेविना शस्त्रक्रिया जाहीरपणे करून दाखवली गेली, तिथून आधुनिक भूलशास्त्र धरतात. त्यानंतर एकशे चाळीस वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच शहरातल्या हार्वर्डशी जोडलेल्या रुग्णालयांनी भूल देताना पाळायचे किमान नियम लिहून काढले. त्या यादीतला पहिला नियम कुठल्या यंत्राचा नव्हता. भूल चालू आहे तोवर भूल देणारा खोली सोडणार नाही, हा तो नियम. ही साधी गोष्ट कागदावर लिहावी लागली, यातच सगळं आलं.

एक पद भरलं, प्रश्न सुटला?

आता आपल्या तालुक्यांकडे येऊ. ग्रामीण रुग्णालय म्हणजे ३० खाटांचा दवाखाना. केंद्राच्या निकषांप्रमाणे साधारण एक लाख वीस हजार लोकसंख्येमागे एक, डोंगराळ-आदिवासी भागात ऐंशी हजारांमागे एक. तिथे भूलतज्ज्ञाचं पद एक. ते रिक्त असलं की निवेदनं जातात, आंदोलनाचा इशारा दिला जातो, बातमी होते. मग कधीतरी पद भरतं आणि ‘प्रश्न मार्गी लागला’ अशीही बातमी होते.

इथे जरा बोटं मोजू. आठवड्याचे तास १६८. एका माणसाने आठवड्याला ४८ तास ड्यूटी केली, तर उरतात १२०. म्हणजे पद भरलेलं असतानाही आठवड्यातले १२० तास त्या दवाखान्यात भूल देणारा हक्काने हजर नाही. त्यात रजा, ट्रेनिंग, मीटिंग, कोर्टाची साक्ष आलीच नाही. चोवीस तास सिझरची सोय ठेवायची असेल तर एका ठिकाणी निदान चार भूलतज्ज्ञ लागतात. बाळंतपण काय सकाळी दहा ते पाच बघून अडत नाही.

म्हणून ‘पद भरा’ ही मागणी बरोबर असली तरी अपुरी आहे. देशाच्या ग्रामीण आरोग्याचा जो सरकारी आकडेवारीचा अहवाल निघतो, त्यात २०२१-२२ साली सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या तुलनेत तज्ज्ञांची तूट ऐंशी टक्क्यांच्या जवळ दाखवली होती. तो मुख्य हिशोब चार तज्ज्ञांचा आहे: सर्जन, स्त्रीरोग, फिजिशियन आणि बालरोग. भूलतज्ज्ञ त्या चौकडीत नाही. ज्याच्यावाचून सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांचेही हात बांधले जातात, तो मोजणीतही मागच्या बाकावर.

सरकारने यावर एक तोडगा काढला होता. एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन तातडीच्या बाळंतपणापुरती भूल देण्यासाठी तयार करायचं. कल्पना वाईट नव्हती, अजूनही नाही. पण प्रशिक्षण घेऊन आलेल्या डॉक्टरची बदली ज्या ठिकाणी ओटीच नाही अशा केंद्रावर झाली, किंवा बरोबर स्त्रीरोगतज्ज्ञच नसला, तर सहा महिन्यांत हात मोडतो. मग तो डॉक्टर स्वतःच म्हणतो, ‘नको बाबा, पाठवा यवतमाळला.’ त्याला दोष देता येत नाही. मदतीला कुणी नसताना रात्री दोन वाजता एकट्याने भूल देण्याची जोखीम ज्याची त्यालाच कळते.

‘रेफर’च्या चिठ्ठीवर खरं कारण लिहा

जगभरातल्या शस्त्रक्रिया-सेवेचा अभ्यास करून लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ मध्ये एक साधं माप दिलं. जवळच्या रुग्णालयात तीन गोष्टी होतात का ते बघा: सिझर, पोट उघडून करायचं तातडीचं ऑपरेशन आणि हाड बाहेर आलेल्या फ्रॅक्चरचा उपचार. आणि तिथे दोन तासांत पोहोचता येतं का. या तीन गोष्टी जिथे होतात तिथे बाकीचं बरंच काही होतं.

हे माप आपल्या १६ तालुक्यांना लावून बघा. यवतमाळ शहर, पुसद, वणी यांच्या आसपास राहणाऱ्याला फारशी अडचण दिसणार नाही. पण उमरखेडपासून यवतमाळचं शासकीय मेडिकल शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. त्या भागातली माणसं नांदेड गाठतात, ते उगाच नाही. झरी जामणीच्या आतल्या पोडावरून बाळंतीण निघाली तर पहिला तास पक्क्या रस्त्याला लागण्यातच जाऊ शकतो. त्यात आधी ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा, तिथून मेडिकल अशी तीन दारं फिरली की दोन तासांचं माप कागदावरच राहतं.

या प्रवासातली एक गोष्ट आशाताई आणि घरच्यांनीही लक्षात ठेवावी अशी आहे. भरल्या दिवसांच्या बाईला उताणं झोपवून नेऊ नये. गर्भाशयाचं वजन पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि रक्तदाब उतरतो. डाव्या कुशीवर, पाठीला उशीचा टेकू देऊन न्यावं. ऑपरेशन टेबलवरसुद्धा भूल दिल्यावर तिला थोडं डावीकडे कलतं ठेवतात, ते याचसाठी. हे करायला कुठलाही निधी लागत नाही.

रेफरच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा ‘पुढील उपचारासाठी’ एवढंच असतं. या दोन शब्दांत सगळं झाकून जातं. रक्त नव्हतं म्हणून पाठवलं, बाळाचे ठोके कमी झाले म्हणून पाठवलं, की सर्जन आहे, टेबल आहे, पण भूल द्यायला कुणी नाही म्हणून पाठवलं? तिसरं कारण असेल तर ते वैद्यकीय कारण नाही, ते व्यवस्थेचं कारण आहे. ते वेगळ्या रकान्यात लिहिलं गेलं पाहिजे. दर महिन्याला प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातून ‘भूलतज्ज्ञ नाही’ म्हणून किती पेशंट पुढे गेले, हा आकडा जिल्ह्याच्या आढावा बैठकीत आला तर चर्चेला निदान जमीन मिळेल.

थांबतो किती वेळ?

सरकारी दवाखान्याचं झालं. खासगीत काय आहे? तालुक्याच्या ठिकाणचे बहुतेक छोटे दवाखाने बाहेरून भूलतज्ज्ञ बोलावतात. एक माणूस चार-पाच दवाखाने सांभाळतो. सकाळी एका गावी सिझर, दुपारी तीस किलोमीटरवर हर्निया, संध्याकाळी परत पिशवीचं ऑपरेशन, रात्री फोन आला की पुन्हा गाडी काढायची. ही मंडळी आळशी नाहीत, उलट अंगाची पार चाळण होईस्तोवर काम करतात. त्यांच्याशिवाय तालुक्यातल्या अर्ध्या ओट्या बंद पडतील. सरकारी दवाखानेही अडलं की दर केसचे पैसे देऊन त्यांनाच बोलावतात.

पण पैसे मिळतात ते केसचे. ऑपरेशन संपल्यावर थांबण्याचे वेगळे कुणी देत नाही. सरकारी योजनेतल्या ऑपरेशनला तर ठरलेल्या पॅकेजमध्येच सर्जन, भूल, औषधं, खाट सगळं बसवायचं असतं. शेवटचा टाका पडला की पुढचा फोन वाजलेला असतो. आणि धोका मात्र तिथे संपलेला नसतो.

भूल उतरतानाचे पहिले दोन-तीन तास हे ऑपरेशनइतकेच महत्त्वाचे असतात. पूर्ण भूल दिलेल्या माणसाची जीभ मागे पडून श्वास अडू शकतो. वेदनेसाठी दिलेल्या औषधाने श्वास मंदावतो. पाठीतल्या इंजेक्शनमुळे उतरलेला रक्तदाब वर यायला वेळ लागतो. बाळंतिणीला आतून रक्तस्राव होत असेल तर तो याच काळात लक्षात येतो, किंवा येत नाही. पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब, नाडी, श्वास बघून लिहून ठेवायचं, पेशंट नीट शुद्धीवर आल्याशिवाय वॉर्डात न्यायचं नाही, ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. प्रश्न तो कागद भरणारा हात कुणाचा, हा आहे. मोठ्या शहरात त्यासाठी वेगळी रिकव्हरी खोली असते. तालुक्याला स्ट्रेचर सरळ वॉर्डात येतं, एका सिस्टरकडे वीस पेशंट असतात आणि उशाशी बसलेली सासू किंवा भाऊ हाच खरा पहारेकरी असतो.

मग त्या पहारेकऱ्याला तरी चार गोष्टी सांगितल्या गेल्या पाहिजेत. पेशंट घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय असं नाही, श्वासाला अडथळा येत असेल, सिस्टरला हाक मारा. ओठ-नखं निळसर दिसली, घाम सुटून अंग गार पडलं, कापड भिजून रक्त आलं, तर राउंडची वाट बघू नका. तोंडात पाणी-चहा ओतू नका. आणि एक चूक तर हमखास होते. पेशंटला हुडहुडी भरते, घरचे मायेने पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवतात. पाय बधिर असतात, चटका बसलेला कळत नाही. ऑपरेशन चांगलं होतं आणि माणूस घरी जातो भाजलेली पोटरी घेऊन.

भूल उतरली असं वाटून एकट्याने लघवीला उठणं आणि चक्कर येऊन पडणं, हाही त्यातलाच प्रकार. पाठीतल्या इंजेक्शननंतर एक-दोन दिवसांनी काहींचं डोकं जबर दुखतं. बसलं की दुखतं, आडवं झालं की थांबतं. सुईच्या बारीक छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपल्याने ते होतं. बारीक सुया आल्यापासून प्रमाण कमी झालंय, आणि त्यावर उपचार आहेत. ते अंगावर काढू नये. उलट ‘पाठीत सुई दिली, तेव्हापासून कंबर कायमची गेली’ ही जी घरोघरची तक्रार आहे, तिला अभ्यासांचा आधार मिळालेला नाही. गरोदरपण, रक्ताची कमतरता आणि बाळंतपणानंतर लगेच निंदणाला जाणं, यांचा हिशोब आधी करावा.

नुसता चहा पाजला जी!

ऑपरेशनच्या वेळची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काळजी म्हणजे उपाशीपोटी असणं. भूल दिल्यावर गिळण्याची, ठसका लागण्याची नैसर्गिक राखण सुटते. पोटात अन्न असेल तर ते उलटून वर येतं आणि फुप्फुसात उतरतं. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन या डॉक्टरने १९४६ मध्ये ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी तपासून असे ६६ प्रकार दाखवले होते. तेव्हापासून हे जगभर शिकवलं जातं. बाळंतकळा सुरू झाल्या की पोट रिकामं व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून बाळंतिणीच्या बाबतीत हा धोका मोठा.

आपल्याकडे काय होतं? डॉक्टर विचारतात, काही खाल्लं का? उत्तर येतं, ‘काहीच नाही जी, नुसता चहा पाजला. दोन बिस्किटं.’ दुधाचा चहा हा पाण्यासारखा धरत नाहीत, दूध पोटात गेलं की त्याचं दही होतं. साधा नियम असा: तळलेलं, मटणाचं जड जेवण आठ तास आधी बंद, हलकं जेवण किंवा दूध सहा तास, आईचं अंगावरचं दूध चार तास, आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. खाल्लं असेल तर सांगून टाकावं. ऑपरेशन पुढे ढकललं म्हणून कुणी मेलेलं नाही. खाल्लेलं लपवल्यामुळे जीव जाऊ शकतो.

पण या नाण्याची दुसरी बाजू दवाखान्यांनीही बघावी. ‘रात्री दहानंतर पाण्याचा थेंब नाही’ असं सरसकट सांगून ठेवतात. भूलतज्ज्ञ येतो दुपारी दोनला, कारण त्याची आधीची केस लांबली. तोवर पेशंट सोळा तास कोरडा. अंगात पाणी कमी असलेल्या माणसाला पाठीत इंजेक्शन दिलं की रक्तदाब जास्त पडतो. लहान पोरांचे तर हाल विचारू नका. पाण्याला दोन तासांची मुभा आहे, ती पेशंटला सांगायला काय जातं? एक फोन करून ‘साहेब दोनला येणार, बारापर्यंत पाणी द्या’ एवढं सिस्टरने सांगायचं. शिबिरात तर हे अजून बिघडतं, कारण पन्नासाव्या नंबरच्या बाईला आपला नंबर कधी लागणार हे कुणीच सांगू शकत नाही.

खर्रा, पुडी आणि सिकलसेलचं कार्ड

विदर्भातल्या भूलतज्ज्ञांना एक अडचण हमखास भेटते. पेशंटला ‘तोंड उघडा’ म्हटलं तर दोन बोटंही आत जात नाहीत. वर्षानुवर्षं खर्रा चघळून गालाची आतली कातडी टणक झालेली असते. पूर्ण भूल द्यायची तर तोंडातून श्वासनळीत नळी घालावी लागते, आणि तोंडच उघडत नसेल तर ते काम अवघड आणि धोक्याचं होतं. ऐनवेळी टेबलवर हे कळणं सगळ्यात वाईट. चार दिवस आधी कळलं तर मेडिकलला पाठवता येतं, वेगळी साधनं जमवता येतात. म्हणून ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञाने पेशंट तपासणं, ज्याला दवाखान्यात ‘फिटनेस’ म्हणतात, हे रक्ताच्या रिपोर्टवर सही करण्यापुरतं नसावं. तोंड उघडायला लावणं, मान मागे करायला लावणं, जिना चढताना धाप लागते का विचारणं, आधी कधी भूल दिली होती आणि काय झालं होतं हे विचारणं, याला दहा मिनिटं पुरतात.

सांध्यांच्या दुखण्यावर गावोगाव पुड्या मिळतात. त्यातल्या कित्येकांत गुपचूप स्टेरॉइड मिसळलेलं असतं. वर्ष-दोन वर्षं ते पोटात गेलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, आणि ऑपरेशनच्या ताणात रक्तदाब सांभाळायला तेच लागतं. पेशंट ‘कुठलंच औषध चालू नाही’ म्हणतो, कारण त्याच्या लेखी पुडी हे औषध नसतं, जडीबुटी असते. रक्त पातळ करायची गोळी, शुगरची गोळी, बीपीची गोळी यांचंही तसंच. कुठली चालू ठेवायची, कुठली थांबवायची हे डॉक्टर ठरवतील, पण डबा तर दाखवा.

आणि सिकलसेल. आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी आणि इतरही काही समाजांत हा आजार आहे. सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, तपासण्या झाल्या, कार्डं वाटली गेली. ते कार्ड ऑपरेशनच्या वेळी पहिल्यांदा दाखवायचं असतं. सिकलसेलच्या पेशंटला ऑक्सिजन कमी पडणं, अंग गार पडणं, पाणी कमी होणं या तिन्ही गोष्टींनी झटका येऊ शकतो. आणि ओटीत नेमक्या याच तीन गोष्टी घडण्याची शक्यता असते. आधी माहीत असेल तर सगळ्या टाळता येतात. कार्ड मात्र घरी पेटीत, रेशन कार्डाच्या पिशवीत असतं.

शिबिरं आणि आकड्यांची घाई

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या पेंडारी इथे नोव्हेंबर २०१४ मध्ये जे झालं ते विसरता कामा नये. बंद पडलेल्या खासगी दवाखान्यात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची कुटुंब नियोजनाची ऑपरेशनं केली. डझनाहून अधिक बायका गेल्या. जंतुसंसर्ग की औषधातला दोष, यावर पुढे बराच वाद झाला. पण एका पथकाने दिवसाला ३० पर्यंतच शस्त्रक्रिया कराव्यात ही मर्यादा तेव्हाही होती. सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ च्या निकालात असली नसबंदी शिबिरं तीन वर्षांत बंद करून ही सेवा नेहमीच्या दवाखान्यांतून द्या, असं सांगितलं.

ती ऑपरेशनं सहसा जागा बधिर करून आणि गुंगीचं इंजेक्शन देऊन होतात, म्हणून ‘भूल नाहीच’ असं धरलं जातं. पण गुंगीनेही श्वास मंदावतो. बाई टेबलवरून खाली सतरंजीवर आली, दुसरी टेबलवर चढली, तर पहिलीकडे कोण बघणार? आपल्याकडे आज त्या पातळीची बेफिकिरी होते असं माझं म्हणणं नाही. पण ‘एका दिवसात इतकी ऑपरेशनं यशस्वी’ अशा बातम्या आम्हीही छापतो. आकडा मोठा म्हणजे काम चांगलं, हा हिशोब ऑपरेशनला लागू होत नाही.

उटीच्या घराण्यातला कागद

ऑपरेशनच्या आधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी असं तीनदा थांबून, मोठ्याने वाचून खात्री करायची एक पानाची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणली. पेशंट तोच ना, बाजू तीच ना, ॲलर्जी आहे का, श्वासनळीची अडचण आहे का, रक्त लागलं तर तयार आहे का, कापसाचे बोळे मोजले का. हे काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झालं ते सर्जन अतुल गवांदे मूळ आपल्याच जिल्ह्यातल्या उटी गावच्या शेतकरी घराण्यातले. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून बघितली. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले: शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर.

एका झेरॉक्सच्या खर्चात. यंत्र नाही, इमारत नाही. आपल्याकडे मोठ्या दवाखान्यांत हा कागद फाइलला लावलेला असतो, पण अनेकदा तो ऑपरेशन झाल्यावर एकदमच सगळ्या टिचक्या मारून भरला जातो. मोठ्याने वाचायचा कागद मुकाट्याने भरला की त्याचा उपयोग संपला.

यंत्रांचंही तसंच. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कोरोनाने घराघरांत पोहोचवलं. ते हवंच. पण त्याची एक मर्यादा आहे. आधी ऑक्सिजन दिलेला असेल तर श्वास थांबल्यावरही काही वेळ आकडा ९८ दाखवत राहतो. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारं कॅप्नोग्राफ ते लगेच दाखवतं. ते नसेल तर छाती हलते की नाही हे बघणारा डोळा लागतो. म्हणजे फिरून पुन्हा माणसाकडेच आलो.

प्रत्येक तालुक्याला ओटी की चार ठिकाणी चोवीस तास?

आता थोडं न आवडणारं. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ऑपरेशन थिएटर हवं, ही मागणी लोकप्रिय आहे आणि तिचं उद्घाटनही करता येतं. पण १५-१६ ठिकाणी एकेक भूलतज्ज्ञ, तोही आठवड्याला ४८ तास, यापेक्षा जिल्ह्याच्या चार कोपऱ्यांत चार ठिकाणी चार-चार भूलतज्ज्ञ, रात्रंदिवस, रक्तासह आणि रिकव्हरीच्या दोन सिस्टरसह, हे जास्त जीव वाचवेल असं माझं मत आहे. उमरखेड-महागावकडे एक, वणी-झरीकडे एक, हे तर अंतर बघूनच ठरायला हवं. मग १०८ ला कुठे जायचं हे माहीत असेल आणि पेशंटला तीन दारं फिरावी लागणार नाहीत. ज्या तालुक्याला हे मिळणार नाही तिथले पुढारी ओरडतील, आणि त्यांची बाजू अगदीच चुकीची असणार नाही, कारण एकदा गेलेली सोय परत येत नाही हा आपला अनुभव आहे. बाकीच्या ग्रामीण रुग्णालयांत दिवसाची ठरलेली ऑपरेशनं ठेवावीत, भूलतज्ज्ञाचे वार ठरवून दारावर लावावेत. बाहेरून बोलावलेल्या भूलतज्ज्ञाला केसच्या पैशांबरोबर थांबण्याच्या दोन तासांचेही द्यावेत.

हे सगळं बोलताना एक गोष्ट टाळून चालणार नाही. भूल दिल्यावर काही बिघडलं तर तालुक्याच्या दवाखान्यासमोर अर्ध्या तासात दोनशे माणसं जमतात. काचा फुटतात. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, पण जमावाला कायद्याचं कलम माहीत नसतं. याचा परिणाम काय होतो? थोडी जरी जोखीम दिसली की डॉक्टर हात लावत नाही, चिठ्ठी लिहून मोकळा होतो. त्या भीतीची किंमत पुढच्या बाळंतिणीला रस्त्यात मोजावी लागते. आणि दुसऱ्या बाजूने, नातेवाइकांना आधी कुणी नीट समजावून सांगितलेलंच नसतं. संमतीपत्रावर अंगठा घेतला जातो, वाचून दाखवलं जात नाही. भूलतज्ज्ञाचा चेहरा घरच्यांनी पाहिलेला नसतो. ज्याला पाहिलंच नाही त्याच्यावर संशय लवकर येतो.

प्रत्येक सरकारी रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे थोडाफार निधी असतो आणि स्थानिक प्रतिनिधी सदस्य असतात. बैठकीत रंगरंगोटी, इन्व्हर्टर, खुर्च्या असे विषय निघतात. पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारता येतील. गेल्या तीन महिन्यांत भूलतज्ज्ञ नाही म्हणून किती पेशंट पुढे पाठवले? ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन तासांचा तक्ता भरला जातो का, कालचा दाखवा. ओटीतला मॉनिटर आणि सक्शन मशीन चालू आहे का, नसेल तर कधीपासून? खासगीत जाणाऱ्यानेही ॲडव्हान्स भरण्याआधी विचारावं, भूल कोण देणार, ते आधी तपासायला येणार का, आणि नंतर किती वेळ थांबणार. २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनी महाराष्ट्रात रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात लावणं बंधनकारक केलं आहे, तेव्हा विचारायला संकोच करायचं कारण नाही. यंदाच्या शिबिरांच्या बॅनरवर सर्जनच्या नावाखाली भूलतज्ज्ञाचं नाव छापायला फ्लेक्सवाला वेगळे पैसे घेत नाही.